ओल्या भुशाचा धूर

सोमवार, ६ ऑक्टोबर

तीर्थरूप काकांना,

नमस्कार. तुम्ही बरे असाल असं धरून चालते, कारण विचारायला दुसरा मार्ग नाही. आईचे गुडघे सोडले तर इथे सगळं ठीक. बाबांना नवा चष्मा केलाय, तो ते फक्त फोटो काढताना लावतात.

आधी एक चूक दुरुस्त करते, मग बाकीचं. ऑगस्टच्या पत्रात मी लिहिलं होतं, की अमोनिया वायू सुटला त्या दिवशी बाबांनी मला खांद्यावर टाकून बर्फाच्या कारखान्यातून बाहेर आणलं, आणि त्यांच्या मानेवरचं ओलं पोतं माझ्या गालाला कसं टोचत होतं ते अजून आठवतं. हे चूक आहे. मी त्या दिवशी कारखान्यात नव्हतेच. चार वर्षांचं पोर बर्फाच्या कारखान्यात काय करत होतं, हा साधा प्रश्न मला कधी पडला नाही, आणि माझं सोडा, वसाहतीत कुणालाच पडला नाही. मुद्दाम खोटं लिहिलं नव्हतं. मला ते आठवत होतं. अजूनही आठवतं, पोतं टोचतं. हीच तर पंचाईत आहे.

त्या पत्रात आणखी एक वाक्य होतं. त्याच्याकडे येते, पण लगेच येववत नाही.

तुमचं उत्तर आलं नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे पोचलं असणार. पत्ता आईने दिला होता. तिच्याकडे तो होता हेच मला नवीन होतं.

इकडची बातमी अशी, की बंद कारखान्याचं स्मारक होतंय. नगरपालिकेने मंजुरी दिली. कॉम्प्रेसरची खोली आहे तशी ठेवणार, बर्फ फोडायच्या खोलीचं सभागृह करणार, आणि फाटकाजवळ काळा दगड उभा करून त्यावर त्या दिवसाची हकीकत कोरणार. समितीत अध्यक्ष म्हणून निवृत्त हेडमास्तर, शिवाय शिंपीदादा, न्हावी आणि चिटणीस म्हणून मी. घरात पहिली शिकलेली म्हटल्यावर वसाहतीत कुणाला अर्ज लिहायचा असला की मी, औषधाच्या बाटलीवरचं वाचायचं असलं की मी, तेव्हा दगडही माझ्याच वाट्याला आला. मजकूर मी लिहिला. सगळ्यांना आवडला. अध्यक्षांनी तो दोनदा वाचून घेतला आणि दुसऱ्यांदा चष्मा काढून डोळे पुसले.

स्मारकाचा नकाशा काढणारी बाई बाहेरगावची आहे. तिने मला सांगितलं, लोकांच्या आठवणी गोळा करा, आणि वास नक्की विचारा, माणूस वासावरून फार आठवतो. म्हणून मी घरोघर फिरले. सगळ्यांनी एकच सांगितलं: ओल्या भुशाचा धूर. शिंपीदादा तोच, न्हावी तोच, पाण्याच्या टाकीजवळच्या दोघी जावा एकमेकींशी बोलत नाहीत तरी दोघी तोच. इतकं एकमत आपल्या वसाहतीत नळाच्या वेळेवरही झालेलं नाही. मला फार बरं वाटलं. माझ्याही नाकात तोच वास होता.

संध्याकाळी मी हे आईला वाचून दाखवलं. ती दोरीवरचे कपडे काढून घड्या करत होती.

"भुसा?" ती म्हणाली. "भुसा कोण जाळत होतं?"

"सगळे म्हणतायत, आई."

"सगळे काय काडेपेटी घेऊन उभे होते? वायू होता तो. डोळ्यांत सुया गेल्यासारखं झालं. नाक दाबलं तर घशातून आत. चार दिवस पाणी गिळवत नव्हतं. धूर तो दर वर्षीच्या नाटकातला गं. शिंपी घमेल्यात ओला भुसा पेटवतो तो."

मी म्हटलं, "पण बाबांनी मला बाहेर आणलं तेव्हा..."

"तू माझ्या कडेवर होतीस. माझ्या खांद्यावर ओकलीस. ही चादर धर."

मी चादरीची दोन टोकं धरली. आई जवळ येत, लांब जात घडी घालत होती आणि प्रत्येक घडीला एकेक वाक्य बोलत होती. त्या चादरीसाठी तिने इतकी वर्षं वाट पाहिली होती की काय, कोण जाणे.

"तुझे बाबा आपल्यापुढे होते. त्यांनी आपल्याला ओढत वसाहतीच्या मागच्या भिंतीपर्यंत नेलं. तुला भिंतीवरून पलीकडच्या बाईच्या हातात टाकलं, मग मला वर ढकललं. वाऱ्याच्या उलट पळा म्हणून तेच ओरडत होते. त्यात काही वाईट केलं नाही हो त्यांनी. बायको-पोर असलेला माणूस दुसरं काय करील?"

"मग आत कोण गेलं?"

"ज्याचं मशीन होतं तो गेला. भावजी."

पुढचं तुम्हालाच सांगणं म्हणजे चेष्टा वाटेल. तरी लिहिते, कारण मला ते लिहून पाहायचंय, आणि कुठे चुकलं तर चुकलं म्हणणारे तुम्हीच एक आहात. पाळी तुमची होती. तुम्ही अंगणातल्या नळावर पोतं भिजवून डोक्यावर घेतलंत आणि आत गेलात. डावीकडे कॉम्प्रेसरची खोली, तिथे व्हॉल्व्हचं चाक. उजवीकडे बर्फ फोडायची खोली. तिथल्या बायका लादीचे तुकडे लपवून घरी नेतात म्हणून मालकाने दाराला बाहेरून कुलूप घातलेलं, आणि किल्ली पहारेकऱ्याच्या कमरेला, आणि पहारेकरी फाटकाशी पडलेला. उजवीकडून बायका दार बडवत होत्या. तुम्ही डावीकडे वळलात. चाक बंद झालं नसतं तर सगळी वसाहत गेली असती, मी आणि आई भिंतीच्या कुठल्याही बाजूला असतो तरी. चाक बंद करून तुम्ही लादी उचलायच्या आकड्याने कुलूप तोडलंत. तोवर बऱ्याच जणी लाद्या सरकवायच्या खिडकीतून निघाल्या होत्या. काकू मागच्या कोपऱ्यात होत्या. तुम्ही त्यांना खांद्यावर घालून बाहेर आणलंत, आणि त्या तेव्हाच गेलेल्या होत्या.

आई म्हणाली, "खाली ठेवेना तिला. आम्ही म्हणतोय ठेवा, भावजी, ठेवा. उभाच."

काकूंबद्दल ऑगस्टच्या पत्रात मी एक अक्षर लिहिलं नव्हतं. आठवलं नाही असं नाही. काय लिहावं ते कळलं नाही. मला त्यांचा चेहरा आठवत नाही, आणि फोटो तुम्ही घेऊन गेलात.

नाटक कसं सुरू झालं तेही आईकडून कळलं. तुम्ही पहिलंच पाहिलंत, नंतरची पाहिली नाहीत, म्हणून सांगते. पहिल्या वर्षी अधिकारी पाहणीला आले. नुकसानभरपाईच्या अर्जांकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, तेव्हा ठरलं, त्यांना करूनच दाखवू. ज्याने जे केलं त्याने तेच करायचं. बायका खोलीत जाऊन उभ्या राहिल्या. तुम्ही पोतं भिजवलंत, डोक्यावर घेतलंत, दारापर्यंत गेलात. आतून बायकांनी ठरल्याप्रमाणे दार बडवायला सुरुवात केली. तुम्ही पोतं खाली ठेवलंत आणि घरी निघून गेलात. साहेब लोक घड्याळं बघायला लागले. कुणीतरी बाबांना ढकललं, "अरे तू घाल, दोघे दिसता सारखेच!" बाबांनी पोतं घातलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर महिन्याभरात तुम्ही गेलात. नाटक दर वर्षी होत राहिलं. वायू दिसत नाही, लोकांना दाखवायचं काय, म्हणून शिंपीदादांनी धूर आणला. खांद्यावर आधी भुशाचं पोतं होतं, पण पोत्यासाठी कुणी रडत नाही, म्हणून एक पोरगी घेतली. ती मी. आठ वर्षांची असल्यापासून तेरा वर्षांची होईपर्यंत मीच. बाबा मला घेऊन धुरातून बाहेर यायचे, मी मान टाकून पडलेली असायचे, आणि फाटकाशी आल्यावर मी डोकं वर उचलून मोठा श्वास घ्यायचा. त्यावर शिट्ट्या पडायच्या.

काका, काकू दर वर्षी वाचतात. ते कुणाच्याच लक्षात येत नाही.

मग एका वर्षी कुठल्याशा बातमीदाराने विचारलं, मशीनवरचा माणूस कुठे होता? प्रश्न बरोबर होता. बाबा तर विटांच्या भट्टीवर कामाला होते हे तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. पण तुम्ही गावात नव्हता, आणि नसलेल्या माणसाचं काहीही करता येतं. न्हाव्याने पुढच्या वर्षी पळपुटा मिस्त्री होऊन, पाना हातात घेऊन, तिरकी टोपी घालून, पळत पळत अंगणाला फेरी मारली. लोक हसून लोळले. आता त्याच्यासाठीच गर्दी होते. वसाहतीत पोरं पकडापकडी खेळतात तेव्हा ज्याच्यावर राज्य येतं त्याला मिस्त्री म्हणतात. का म्हणतात ते त्यांना माहीत नाही. न्हावी मनाने वाईट नाही. मी त्याला विचारलं, "तुम्हाला मिस्त्री पळाल्याचं आठवतं?" तो म्हणाला, "आठवतं म्हणजे? अगं, माझ्या डोळ्यांसमोरून गेला. एक चप्पल पडली होती त्याची." चप्पल त्याची स्वतःचीच, नाटकात पडलेली, आणि त्यावर हशा मिळाला म्हणून पुढे दर वर्षी पाडलेली.

मी बाबांनाही विचारलं. सरळ नाही, माझ्यात तेवढी हिंमत नव्हती. म्हटलं, "बाबा, आत शिरल्यावर कुठल्या हाताला वळलात?"

"उजव्या," ते म्हणाले, आणि हवेत चाक फिरवून दाखवलं. "गच्च बसलेलं. दोन्ही हात लावले तेव्हा हललं. हा वण बघ."

वण मला माहीत आहे. मी सातवीत असताना त्यांचा हात पेटत्या घमेल्याला लागला, मलम मीच आणलं होतं. आणि चाक डावीकडे आहे. मी दुसऱ्या दिवशी नकाशावाल्या बाईबरोबर जाऊन पाहून आले, गंजलंय पण जागेवर आहे. उजवीकडे आहे ते नाटकातलं, खांबाला ठोकलेलं सायकलचं. डावीकडे लोक बसतात ना.

बाबा बोलता बोलता रडले. म्हणाले, "एकच वाटतं बघ. धाकट्याने तरी थांबायला हवं होतं. दोघे असतो तर तिला वाचवलं असतं."

ते खोटं बोलत नाहीत, काका. खोटं बोलत असते तर माझं काम सोपं होतं. ते तुमच्यासाठी रडतात. मनापासून.

आता ते वाक्य. मी ऑगस्टमध्ये लिहिलं होतं, "जे झालं ते झालं, आम्ही तुम्हाला केव्हाच माफ केलंय, तेव्हा उद्घाटनाला अवश्य या." कच्च्या कागदावर मी आधी नुसतं "माफ केलंय" लिहिलं होतं. "केव्हाच" मागून घातलं, मोठ्या मनाचं वाटावं म्हणून. तुम्ही ते कुठे बसून वाचलं असेल, याचा विचार मनात येतो आणि मी उठून काहीतरी काम काढते. त्याची माफी मागत नाही. माफी हा शब्द आमच्या घरातून इतक्यात तुमच्याकडे येऊ नये.

आणि एक राहिलं. मी ते तीनदा लिहून खोडलं. बाबांना शाळेत शिपायाची नोकरी लागली ती पोत्यामुळे. माझी फी माफ झाली, पुढे वसतिगृहात जागा मिळाली, दोन्ही शिफारशींत "वीराची कन्या" असं लिहिलेलं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सांगते: मी दुकानदाराने चुकून जास्त सुटे पैसे दिले तर परत चालत जाणारी मुलगी आहे, मैत्रिणी मला हसतात. आणि मी ज्या अक्षरांत हे लिहितेय ती अक्षरं मला तुमच्या पोत्यावर मिळाली आहेत. आईला गप्प राहण्याचं कारण विचारलं तेव्हा तिने आवाज न चढवता सांगितलं, "तू शिकत होतीस."

मी चादर कपाटात ठेवून दिली.

समितीने शाळेत चित्रं काढायला सांगितली होती: पन्नास वर्षांनंतरची आपली वसाहत. ती तपासायला माझ्याकडे आली. पोरांनी उडत्या मोटारी काढल्यात, काचेचे उंच उंच मनोरे काढलेत, आणि प्रत्येक चित्रात, एकही अपवाद नाही, मधोमध डोक्यावर पोतं घेतलेला माणूस, मनोऱ्यांहून उंच. काहींनी कोपऱ्यात पळणारा बारका माणूसही काढलाय, एक चप्पल मागे पडलेली. स्वतःचं घर कुणीही काढलेलं नाही. मागचं एकदा ठरून गेलं की पुढचंही ठरून जातं, हे मला त्या चित्रांवर शेरे लिहिताना कळलं. मी सगळ्यांना "छान" लिहिलं. दुसरं काय लिहिणार होते?

अध्यक्षांना चाचपून पाहिलं. म्हटलं, "सर, समजा मजकुरात चूक निघाली तर?"

"शुद्धलेखनाची?"

"माणसाची."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. त्यांना माहीत आहे, काका. त्या नजरेवरून माझी खात्री झाली, पण खात्री म्हणजे पुरावा नाही, म्हणून तसं नोंदवते. ते म्हणाले, "पोरी, वसाहत पाडायचा कागद किती वर्षं टेबलावर पडून होता, ठाऊक आहे ना? स्मारक ठरलं म्हणून थांबलं. त्याच वसाहतीत वीर राहतो म्हणून थांबलं. लोकांना आता पुढचं बघू दे."

"पुढचं म्हणजे काय, सर?"

"पुढचं म्हणजे हेच की."

मी घरी येऊन नगरपालिकेचा ठराव काढून वाचला. त्यात वीर कुठेच नाही. कारखान्याची जागा आणि भोवतालची वसाहत, एवढंच आहे. म्हणजे आपली घरं तुमच्या बदनामीवर उभी नाहीत. कुणाला तरी तसं वाटत राहणं सोयीचं आहे, इतकंच. तरी मला भीती वाटते. माझं वाचन चुकलं तर? बत्तीस घरं आहेत. मी ठराव दोनदा नकाशावाल्या बाईकडून तपासून घेतला.

दगडाचा मजकूर मी तुम्हाला लपवणार नाही. "कामावरचा मिस्त्री मशीन सोडून पळाला असता त्याच्या थोरल्या बंधूंनी प्राणांची पर्वा न करता" असा सुरू होतो. खाली मृतांची दोन नावं, पहारेकऱ्याचं आणि काकूंचं. काकूंच्या नावापुढे कंसात "वीरांची भावजय". तो कंस मी घातला. वाचणाऱ्याला नातं कळावं म्हणून घातला. तुम्ही त्या दगडावर काकूंचे कुणीच नाही आहात.

नवा मजकूर लिहून झालाय. तो साधा आहे, चष्मा काढावा असं त्यात काही नाही. व्हॉल्व्ह कुणी बंद केला, कुलूप कुणी आणि का घातलं होतं, कुणी तोडलं, आणि काकू कुणाच्या कोण. तुम्हाला त्यात काही बदलायचं असेल तर बदलेन. नाव नको असेल तर नाव काढेन, पण पळाला हा शब्द राहणार नाही, तो तुमच्या सांगण्यावरही ठेवणार नाही.

मला समितीची भीती नाही. न्हावी चिडेल, शिंपीदादा बोलणं टाकतील, पोरं मला काहीतरी नवं नाव पाडतील. भीती बाबांची आहे. त्यांच्याजवळ त्या दिवसाची दुसरी आठवणच उरलेली नाही. मी ही काढून घेतली तर त्या जागी ठेवायला एकच गोष्ट आहे माझ्याकडे: त्यांनी मला भिंतीवरून पलीकडे टाकलं आणि आईला वर ढकललं, आणि आम्ही दोघी जिवंत आहोत. ती खरी आहे, त्यांनी स्वतः केलेली आहे, आणि वसाहतीत ती एका आईशिवाय कुणाला ठाऊक नाही. त्यांना स्वतःलासुद्धा नाही. इतक्या वर्षांत त्याबद्दल त्यांना कुणी शाबास म्हटलं नाही, कारण तुमचं शाबास त्यांच्या गळ्यात घालून सगळे मोकळे झाले. ते माझ्यावर हात उगारतील, की हसतील, की चष्मा शोधायला लागतील, काही सांगता येत नाही. आई म्हणते, "सांग. पण माझ्यासमोर सांग. आणि त्यांचं खाणं झाल्यावर सांग."

तुम्ही या असं म्हणत नाही. मागच्या वेळी फार ऐटीत म्हटलं होतं. हे पत्र उत्तरासाठी नाही. तुमच्याबद्दल इथे जे काही होणार आहे ते या वेळी तुम्हाला आधी कळावं, म्हणून आहे.

पाथरवट पुढच्या बुधवारी छिन्नी लावणार आहे. त्याच्या आदल्या दिवशी समितीची शेवटची बैठक आहे, चिटणीसाने मजकूर मोठ्याने वाचून सही करायची असते. सकाळी घरी, आईसमोर, बाबांना सांगेन. नंतर बैठकीत उभी राहून नवा मजकूर वाचेन. बाबा पहिल्या खुर्चीवर बसलेले असोत की नसोत, मंगळवारी, चौदा ऑक्टोबरला.

तुमची आणि काकूंची,
पुतणी